माघातलं पडवळ

लखूतात्यांची आणि माझी ओळख एका दगडाने करून दिली. लग्न होऊन लालबागला आले त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. सकाळी तांब्या घेऊन खोलीबाहेर पाऊल टाकलं आणि कपाळावर टणकन काहीतरी आपटलं. बघते तर गॅलरीच्या तोंडाशी, माझ्या नाकासमोर, सुतळीला बांधलेला लिंबाएवढा दगड झोके घेतोय आणि सुतळीच्या वर हातभर लांब हिरवं-पांढरं काहीतरी लोंबतंय. मी कराडकडची, शेतात वाढलेली, पण दुसऱ्या मजल्यावर साप उलटा टांगलेला कधी बघितला नव्हता. मी अशी किंचाळले की अख्खी चाळ बाहेर आली.

वरून, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून, एक टक्कल खाली वाकलं. "वैनीनू, लागला काय?"

"लागलं की," मी म्हटलं. कपाळ चोळत होते.

"तुमका नाय विचारूक. पडवळाक लागला काय ता बघा. देठ सुटलो नाय मां?"

मी काही गरीब गाय नव्हते. नवी नवरी असले तरी तोंड माहेराहून घेऊनच आले होते. मी विचारलं, "अहो, पण तुमचं पडवळ माझ्या दारात कशाला?" त्यावर तात्या अगदी शांतपणे म्हणाले, "तिसरो मजलो माझो, दुसरो तुमचो, ह्या आमका कळता. पडवळाक मजले कळनत नाय." आणि टक्कल आत गेलं.

आमचे हे म्हणाले, "त्यांच्या नादी लागू नकोस. पडवळ सरळ वाढावं म्हणून शेंड्याला दगड बांधतात ते. नाहीतर वेटोळं होतं." मला त्या क्षणी दगडापेक्षा त्या माणसाचं नवल वाटलं. लालबागच्या चाळीत, जिथे माणसाला आडवं व्हायला जागा नाही, तिथे हा माणूस पडवळं सरळ करत बसतो म्हणजे काय?

तात्या गिरणीत साचेखात्यात होते. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून कानांचे बारा वाजलेले, त्यामुळे बोलायचं म्हणजे ओरडायचं हीच त्यांची रीत. साध्या आवाजात 'चहा घेतलात का' विचारलं तरी समोरच्या चाळीतला माणूस 'घेतला' म्हणून उत्तर देईल, असा गळा. त्यामुळे पडवळाला कळी आली, मिरचीवर मावा पडला, अळूला नवीन पान फुटलं, हे सगळं अख्ख्या चाळीला कळायचंच. तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात त्यांच्याच गावचे बाराजण राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, तेव्हा एक उठला की त्याच पथारीवर दुसरा आडवा व्हायचा. तात्यांच्या वाट्याला घरात एक ट्रंक, एक खुंटी आणि बाहेर गॅलरीचा शेवटचा कोपरा. त्या कोपऱ्यात त्यांनी रॉकेलचे आणि तेलाचे मिळून अकरा डबे मांडले होते. खाली खिळ्याने भोकं पाडलेली. त्यातली माती ते रविवारी पिशवीतून, मैदानाच्या कडेची, थोडी थोडी आणत. खत म्हणून इराण्याच्या हॉटेलातला चहाचा चोथा. वेलाला चढायला तुटक्या सुताची जाळी त्यांनी स्वतः विणलेली, आणि तिच्या गाठी अशा की ओढल्या तर आणखी घट्ट व्हाव्यात. मागावर धागा तुटला की साचेवाला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारतो, तीच गाठ.

महिन्याभराने एके दुपारी तात्या माझ्या दारात उभे. हातात फडक्याचं एक गाठोडं, मुठीएवढं.

"वैनीनू, एक मागूचा होता. तुमचो धूर माका होयो."

मी म्हटलं, "काय हवाय?"

"धूर. आमच्या गाळ्यात बारा माणसा, पण चूल नाय. सगळे खानावळीत जेवतत. तुमच्या घरात धूर आसा."

झालं असं की त्यांना बियाणं चुलीवर टांगायचं होतं. राखेत घोळून, फडक्यात बांधून, चुलीच्या वर टांगलं की धुराने त्याला कीड लागत नाही. गावाला त्यांच्या घरी हे आपोआप होतं, मुंबईत मात्र धूर मागून आणावा लागतो. मला हसूच आवरेना. साखर मागतात, विरजण मागतात, धूर मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण मी चुलीवर खिळा ठोकून दिला. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकावर तात्यांचं बियाणं लोंबायला लागलं. दर पंधरा दिवसांनी ते येत, गाठोडं हुंगत, एखादं बी काढून दाताखाली धरत आणि परत बांधून ठेवत. दाताखाली 'कट्' वाजलं तर बी सुकलं, नुसतं दबलं तर नाही. एकदा मलाही चावायला लावलं. मी म्हटलं, कट् वाजलं. ते म्हणाले, "वाजला ता बी काय तुमचो दात?" आणि मनापासून विचारत होते हो, थट्टा नव्हती.

ते बी द्यायचेही सगळ्यांना. कोणी मागितलं की लगेच. पण 'घ्या' असं कधी म्हणत नसत, 'सांभाळूक देतंय' म्हणत. विचारलं तर म्हणायचे, "बियाणा कोणाचा नसता, वैनीनू. ता आपल्याकडे बिऱ्हाडाक रवता." मी आपली मान डोलवायची. मला तेव्हा त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, आणि ते कळत नसल्याची फळं पुढे सगळ्यांनी भोगली.

पडवळाचं फूल संध्याकाळी उमलतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. पांढरं, कडांना झालर, अगदी नाजूक. नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं, आणि मादीच्या फुलामागे करंगळीएवढं पडवळ आधीच तयार असतं. गावाला रात्रीचे पतंग एकाचा पराग दुसऱ्याला लावतात. लालबागच्या धुराड्यांत पतंग कुठून येणार? म्हणून तात्या नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हळूच टेकवत. त्यांची दुपारची पाळी असली की हे काम माझ्याकडे येई, कारण वेल आता खाली माझ्या कठड्यापर्यंत उतरला होता. जाताना ते जिन्यातून ओरडून जायचे, "वैनीनू, आज दोन लगना आसत. विसरू नकात." आमचे हे कामावरून येऊन बघतात तर बायको कठड्यावर वाकून फुलाला फूल लावतेय. "गावात पोरींची लग्नं ठरत नाहीत आणि तू पडवळांची लावतेस," असं म्हणून हसायचे. मला मात्र त्यात गोडी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी ते करंगळीएवढं पडवळ तगलं का बघायची. तगलं की माझा दिवस चांगला जायचा, हे खोटं कशाला सांगू.

आता मुख्य गोष्ट. तात्यांचं लग्न झालं होतं, बायको, म्हणजे काकी, गावाला. गिरणगावातल्या निम्म्या माणसांचं असंच होतं. काकी गावची भातशेती बघायच्या. पावसाळाभर लावणी, मग कापणी, झोडणी, मग पेंढा रचायचा. हात रिकामा व्हायचा तो माघात. तेव्हा त्या बोटीने पंधरा दिवस मुंबईला यायच्या, नात्यातल्या एका घरी उतरायच्या आणि दिवसा चाळीत येऊन बसायच्या. पण पडवळ हे पावसाळी पीक. आषाढात वेल चढतो, भाद्रपद-आश्विनात फळं लागतात, कार्तिक संपता संपता वेल वाळतो. काकी यायच्या तेव्हा अकरा डबे, सुकी माती आणि जाळीवर पिवळ्या पडलेल्या काटक्या.

मी पहिल्यांदा काकींना बघितलं तेव्हा त्या त्या डब्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, जिभेला धार. "ह्या डब्यांनी काय रुजता? गंज?" तात्या म्हणत होते, "अगो, चार हात लांब पडवळा लागतत, विचार वैनीक." काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेनी तुमका पण शिकवून ठेवलानी काय?" मी शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. "मुंबैत काय, भोंगो झालो की पडवळ धरता," म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. तात्या नुसते टक्कल खाजवत राहिले. चाळीतल्या इतर बायकांनीही त्या हसण्यात भाग घेतला. तेवढा एकच प्रसंग मी असा पाहिला की तात्यांचा आवाज खाली आला होता. "पुढच्या वर्सा बघ," एवढंच म्हणाले.

नंतर कळलं की हे 'पुढच्या वर्सा' गेली कित्येक वर्षं चाललं होतं. माघापर्यंत एक तरी फळ वेलावर ठेवून बायकोला दाखवायचं, हा त्या माणसाने ध्यास घेतला होता. आणि खरोखरच, दरवर्षी त्यांचा वेल थोडा थोडा जास्त टिकत होता. पहिल्या वर्षी मी बघितलं तेव्हा मार्गशीर्षाच्या मध्यावर संपला. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्ष उलटता उलटता. हे ते कसं साधत होते ते काही मला उमगलं नव्हतं. मी समजायची, चहाचा चोथा जास्त घालत असतील.

त्या वर्षी पौष लागला तरी वेल हिरवा होता. शेंड्याला शेवटचं एक फळ, चांगलं तीन हात लांब, बरोबर माझ्या दारासमोर. तात्यांनी त्याच्या देठाला लाल फडक्याची चिंधी बांधली होती. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे पहिल्या भोपळ्याला अशीच चिंधी बांधतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि मुंबई केंद्राच्या ताब्यात देणार अशी बातमी आली. ते दिवस मी कधी विसरणार नाही. गिरण्या बंद, रस्त्यावर टायर जळताहेत, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे ओरडून पोरांचे गळे बसलेले. गोळीबार झाला. अश्रुधुराचं एक नळकांडं आमच्या जिन्यात येऊन पडलं आणि आम्ही ओले टॉवेल डोळ्यांना लावून बसलो. वरून दगड जायचे, खालून पोलीस यायचे. दुसऱ्या दिवशी पोलीस चाळीत शिरले आणि एकेक मजला धुंडाळत तिसऱ्यावर गेले. तिथे शेवटच्या कोपऱ्यात त्यांना एक टोपली सापडली. टोपलीत सत्तावीस दगड. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेले, प्रत्येकाला सुतळीचा फास.

पडवळ कोवळं असताना लहान दगड बांधायचा, वाढत जाईल तसा मोठा, नाहीतर देठ तुटतो. म्हणून तात्यांनी वजनाप्रमाणे दगड जमवले होते. हे मला माहीत होतं, चाळीला माहीत होतं, पण त्या फौजदाराला कुठून माहीत असणार? तात्या ओरडून सांगत होते, आणि त्यांच्या त्या ओरडण्याने सगळं आणखी बिघडत होतं. "पडवळाक बांधूचे धोंडे ते, सायबानू." फौजदार म्हणाला, "पडवळाला दगड? मला शिकवतोस?" मी जिन्यात धावले, माझ्या परीने सांगितलं, माझं कपाळसुद्धा दाखवलं. त्यांनी मला बाजूला केलं. खरं सांगायचं तर त्या टोपलीतला एकही दगड तात्यांनी मारला नव्हता. मोर्चाला जायचे, घोषणा द्यायचे, पण दगड द्यायला साफ नकार. मजल्यावरच्या पोरांनी मागितले तेव्हा म्हणाले होते, "तुमका दिलंय तर पडवळाक काय बांधू?"

त्यांना गाडीत चढवताना मी कठड्यावर होते. त्या गोंधळात सगळ्या आवाजांवर त्यांचा आवाज आला. "वैनीनू, पाणी घाला हां. धरतली ती फळा काढून भाजी करा. वाया घालव नकात."

मी पाणी घातलं. संचारबंदीत नळ कमी वेळ यायचा तरी माझ्या घरच्या हंड्यातलं घातलं. पण बाजार बंद होता. आठवडाभर भाजीचं पान दिसलं नाही. डाळ-भात, भात-डाळ. शेजारच्या मंजुळाबाईंच्या घरात आजारी सासरे, त्यांना नुसती डाळ जाईना. काकींचं पत्रही आलं होतं, गाळ्यातल्या एकाने वाचून दाखवलं. मुंबईत दंगल आहे, तेव्हा यंदा येत नाही. मी त्या पडवळाकडे बघितलं. काकी येणार नाहीत, तात्या तुरुंगात, आणि स्वतःच सांगून गेलेत की वाया घालवू नका. मी विळी आणली आणि कापलं. चण्याची डाळ घालून परतलं, वर जराशी गुळाची चिमूट. पाच घरांत वाटी वाटी दिलं. मंजुळाबाईंचे सासरे दोन घास जास्त जेवले. सगळ्यांनी नाव काढलं आणि मी खुशीत होते. ती लाल चिंधी धुऊन चुलीवरची भांडी उतरवायला ठेवली.

तात्या बाराव्या दिवशी सुटून आले. दाढी वाढलेली, बाकी ठीक. आधी गाळ्यात गेले नाहीत, सरळ माझ्या दारात आले. दोन पावलं मागे सरून वर बघितलं, वेलाचा शेंडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"फडको खय आसा?"

मी आतून चिंधी आणून दिली. तिला तव्याची काजळी लागलेली होती. ती त्यांनी हातात उलटीसुलटी केली आणि तिथेच जमिनीवर बसले. मी अजून आनंदातच होते. म्हटलं, "तात्या, पाच घरांत गेलं तुमचं पडवळ. कुणी नाव ठेवलं नाही." ते चिंधीवरची काजळी अंगठ्याने पुसत राहिले. मंजुळाबाईंचं माहेर तळकोकणातलं. त्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, चिंधी बांधलेलं बियाचं असतं. ते कोणी कापत नाही." मी म्हटलं, मग आधी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "वाटीत आलं तेव्हा मला काय ठाऊक, कुठलं आहे ते?"

तात्या उठून वर गेले. तीन दिवस तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला नाही. तुम्हाला त्याची कल्पना येणार नाही. चाळीतली माणसं जिन्यात थांबून वर बघायची. मी दोनदा वर जाऊन दारातूनच परत आले. त्यातून शहाणपणा असा की खाली उतरून कचऱ्याच्या ढिगात बसले. संचारबंदीत कचरा उचलला गेला नव्हता. पडवळाचा गर नि बिया शोधून काढल्या, पांढऱ्या, लिबलिबीत. धुतल्या, राखेत घातल्या. किती रडले त्या दिवशी.

चौथ्या दिवशी सकाळी तात्या दारात आले. म्हणाले, "वैनीनू, एक विचारूचा होता. चव कशी होती?"

मला वाटलं टोमणा आहे. पण चेहरा तसा नव्हता. बी चावताना असायचा तसा चेहरा. मी म्हटलं, "जराशी कडवट होती. म्हणून गूळ घातला."

"पयल्या घासाक कडू काय मागसून?"

"मागून."

"आणि बी? मऊ काय टणक?"

"मऊ."

"हां," म्हणाले. "मगे थंडीत पिकूक जास्त दिवस लागतत. माका कळूचाच नाय ह्या कधी. मी थंडीतला कधी खाऊकच नाय, दरवर्सा बियाक ठेवतंय." आणि मग पहिल्यांदा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्यात चहाच्या चोथ्याचा काही संबंध नव्हता. वेलावर सगळ्यात शेवटी जे फळ धरतं, त्याचंच बी पुढच्या वर्षी लावायचं. त्या वेलावरचं पुन्हा शेवटचं. असं करत गेलं की वेल दरवर्षी आठवडाभर पुढे सरकतो. "पाऊस माघापातूर नेवूक माका जमाचा नाय," म्हणाले, "पण वेल नेवूक जमता." काकींच्या त्या हसण्यासाठी हा माणूस सात वर्षं एकेक चिंधी बांधत आला होता. मी ती सात वर्षं गुळाची चिमूट टाकून वाढली होती.

कचऱ्यातल्या बिया त्यांनी टाकून दिल्या नाहीत. पावसाळ्यात वेगळ्या डब्यात लावल्या, रोज उकरून बघितल्या. एकही उगवली नाही. "कोवळा बी रुजत नाय, ठावक होता," म्हणाले, "तरी पण बघूक होया." गेल्या वर्षीचं सगळं लावून-वाटून संपलं होतं, म्हणून ट्रंकेतून दोन वर्षांपूर्वीचं राखीव बी काढलं. तेरा बिया होत्या, त्यातल्या दोन उगवल्या. दोन वर्षं मागे जाऊन पुन्हा सुरुवात.

त्यानंतरची वर्षं मी त्या वेलावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. लग्नं लावली, मुंग्या वेचल्या, चिंधी मी स्वतः बांधायची. इकडे सभा, मोर्चे चालूच होते. तात्या सगळ्या सभांना जायचे आणि आले की मी विचारायची, काय झालं सभेत? एकदा म्हणाले, "वऱ्हाडचो एक माणूस बाजूक होतो. त्येच्याकडे वाल काळो असता." भाषणं कोणाची झाली ते काही सांगता येईना, पण मुठीत काळ्या वालाचे सहा दाणे. स्वतःच्या खिशातलं बी त्याला देऊन आलेले. मी म्हटलं, "तात्या, महाराष्ट्र मिळणार का?" तर म्हणाले, "मिळतलो. तेचा पण शेंडा हिरवो आसा अजून."

काकी दर माघात येत, वाळक्या काटक्या बघत, हसत आणि जात. मला आता त्यांचा राग यायचा. एकदा वाटलं सांगून टाकावं, बाई, हे सगळं तुमच्यापायी चाललंय. तात्यांनी मान हलवून नको म्हटलं. "सांगून काय उपयोग. दाखवूक होया."

महाराष्ट्र होणार अशा बातम्या दिल्लीहून यायला लागल्या, त्या माघातली ही गोष्ट. त्याच वर्षअखेर तात्या गिरणी सोडून कायमचे गावाला गेले. धक्क्यावर आम्ही पोचवायलाही गेलो होतो. पण मला ते दिसतात ते त्या रविवारच्या दुपारी, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली वाकलेले.

वेलाची पानं बहुतेक गळाली होती. पण शेंड्याला एक फळ होतं. दीड वीत लांब, वाकडं, कारण इतक्या नाजूक देठाला दगड बांधायची आमची दोघांची छाती झाली नाही. काकी नेहमीप्रमाणे आल्या आणि माझ्या दारासमोर थबकल्या. हात पुढे केला. बोटांनी ते फळ चाचपलं, वरची पांढरी लव चोळून बघितली, कोणी बाजारातलं आणून बांधलं तर नाही म्हणून देठ जिथे वेलाला लागतो तिथवर बोट नेलं.

"माघात?" त्या म्हणाल्या.

वरून आवाज आला, अख्ख्या लालबागला ऐकू जाईल असा. "वैनीनू, काढा ता."

मी म्हटलं, "तात्या, बियाचं आहे. चिंधी आहे."

"ठावक आसा. काढा आणि भाजी करा. तिका वाढा."

माझं डोकं फिरलं. चार वर्षं मी संध्याकाळी कठड्यावर वाकून कंबर मोडून घेतली होती. मी सरळ सांगितलं, "मी विळी आणणार नाही. एकदा कापून पस्तावले, पुन्हा माझ्या हातून होणार नाही." काकी वर बघून म्हणाल्या, "अवो, बियाक नको काय? मगे पुढच्या वर्सा?"

तात्यांनी कठड्यावर कोपरं टेकली. "पुढच्या वर्सा कित्याक? बी ठेवलंय ता तुका दाखवूचा म्हणान. तू बघलंस. आता खा."

काकी स्वतःच माझ्या घरात आल्या, विळी घेतली, देठाशी नीट कापलं. माझ्या चुलीसमोर बसून त्यांनी ते उभं चिरलं. आत बिया होत्या, पांढऱ्या आणि मऊ, बोटाने दाबल्या तर फुटतील अशा. काकींनी तेवढ्या तळहातावर काढल्या. मला वाटलं फेकतील. त्या बघत राहिल्या. अकरा वर्षं हसत आलेली ती बाई, डोळ्यांतून पाणी गळतंय ते पुसायचंही तिला सुचेना. मग त्यांनी त्या ओल्या बिया पदराच्या टोकात बांधल्या आणि गाठ दोनदा ओढून घट्ट केली. असलं बी रुजत नाही, हे जन्मभर शेती केलेल्या बाईला मी सांगायची गरज नव्हती.